रिकामा रकाना

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी बूम आहे, म्हणजे गाड्या अडवायचा वर-खाली होणारा आडवा दांडा. तिथल्या पहारेकऱ्याच्या खोपटात एक नोंदवही असते आणि तिला सुतळीनं बांधलेलं निळं बॉलपेन. टोपण कधीच हरवलेलं, मागचं टोक चावून चावून पांढरं पडलेलं. दोन वर्षं मी रोज दोनदा त्या पेनाच्या हातभर अंतरावरून गाडी नेत होते. माझी गाडी वळताना दिसली की बूम वर जायचा, पहारेकरी हात करायचा, मीही हात करायचे. ते पेन मला पहिल्यांदा दिसलं गेल्या ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी. तेव्हापासून ते डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या शनिवारी ऑफिसातली मैत्रीण जेवायला येणार होती. जोहान्सबर्गला आल्यापासूनची माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, आणि कामात माझी वरिष्ठही. माझ्या रजेच्या अर्जावर तिची सही लागते. वांगी भरून मंद आचेवर ठेवली होती, भाकरीचं पीठ परातीत काढलं होतं. ‘गेटवर आलेय’ असा तिचा मेसेज आला, मग पाच मिनिटं गेली, आठ गेली, तरी ती येईना. मी गॅस बारीक केला आणि चपला घालून बाहेर पडले. रस्ताभर जकारंदाचा जांभळा सडा होता. ती फुलं पायाखाली आली की फटकन फुटतात, तेवढाच काय तो आवाज. बूमपाशी तिची गाडी उभी होती, डिकी उघडी. ती बॉनेटवर वही टेकवून लिहीत होती. नाव, गाडीचा नंबर, कोणाकडे, आल्याची वेळ. पहारेकरी टॉर्च घेऊन डिकीत वाकला होता. तेवढ्यात शेजारच्या बाजूनं एक गाडी आली. चालवणारा गोरा माणूस आमच्या रस्त्यावरचा नव्हता, कारण आत आल्यावर तो घरांचे नंबर वाचत वाचत हळूहळू पुढे गेला. त्याच्यासाठी बूम आपोआप वर झाला होता. त्याला कोणी थांबवलं नाही, नाव विचारलं नाही.

मी झाडाखाली उभी होते. मी काही बोलले नाही.

पहारेकरी साठीचा असेल, लिंपोपोकडच्या कुठल्याशा गावाचा. मैत्रीण त्याला ‘बाबा’ म्हणत होती. झुलूमध्येही वडिलांना आणि वडीलधाऱ्या माणसांना बाबाच म्हणतात. इथे आल्यावर पहिल्यांदा तो शब्द कानावर पडला तेव्हा मला भरून आलं होतं. तो तिला ‘सिसी’ म्हणाला, म्हणजे ताई. तिचं लायसन्स त्यानं दोन्ही हातांनी परत दिलं, तिनं दोन्ही हातांनी घेतलं, इथल्या रीतीप्रमाणे. इतक्या अदबीनं ते सगळं चाललं होतं की बघणाऱ्याला त्यात काही खुपलं नसतं. मला तो कायम ‘मॅडम’ म्हणतो. माझ्याशी अदब आहे, आपुलकी नाही. तिच्याशी आपुलकी होती, आणि झडती तिचीच घेतली गेली. गाडीत बसताना मी तिला म्हटलं, “सॉरी गं.” ती म्हणाली, “त्याला नको काही बोलूस. उद्या या रस्त्यावर चोरी झाली तर नोकरी त्याची जाईल. कोणाला थांबवायचं हे त्याला कोणी लिहून दिलेलं नाही, पण ते त्याला ठाऊक आहे.” मग तिनं वांग्यांचा वास आल्याचं सांगितलं आणि विषय संपला. तिच्यापुरता.

मी राहते ती एका घराच्या मागच्या आवारातली छोटी जागा. भाड्याच्या जाहिरातीत तिला ‘गार्डन कॉटेज’ म्हणतात. एक खोली, ओटा, न्हाणीघर, दारात लिंबाचं झाड. मी तिच्या प्रेमातच पडले होते. जमिनीवरची लाल सिमेंटची गुळगुळीत फरशी आमच्या गावच्या माजघरासारखी; मी ती पुसते तेव्हा तळव्यांना तोच थंडावा लागतो. एकच तक्रार होती, खिडकी फार उंचावर आहे. बागेकडे तोंड असूनही आतून फक्त आभाळ दिसतं. मैत्रीण दारातून आत आली, खोलीभर नजर फिरवली आणि त्या खिडकीकडे बघत राहिली. म्हणाली, “मोलकरणीची खोली.” मग तिनं सांगितलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. अशा खोल्यांच्या खिडक्या उंच असत, कारण आतल्या बाईला बाग दिसायची गरज नव्हती आणि बागेत बसलेल्यांना ती बाई दिसायला नको होती. दाराबाहेर चार जुन्या विटांवर मी तुळशीची कुंडी ठेवली होती. विटा इथेच कोपऱ्यात पडलेल्या मिळाल्या होत्या. ती खाली बसली, एका विटेवरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, “या पलंगाच्या आहेत.” टोकोलोशी नावाचं एक बुटकं भूत असतं; ते रात्री अंगावर चढू नये म्हणून पलंगाच्या चारी पायांखाली विटा लावायच्या. तिच्या आईच्या पलंगाखालीही होत्या. त्यामुळे पलंगाखाली एका लहान मुलीला आडवं होण्याइतकी जागा व्हायची.

तिची आई अशाच एका घरी कामाला होती, इथून फार लांब नाही. राहायला मागची खोली. मुलांना तिथे आणायला बंदी. ही आजीकडे वाढली, सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या मेडोलँड्समध्ये. आईला सुट्टी गुरुवारी. “माझी आई गुरुवारची होती,” ती म्हणाली. शाळेच्या सुट्टीत एकदोनदा आईनं तिला चोरून खोलीवर आणलं होतं. रात्री बाहेर टॉर्चचा उजेड फिरला की ती पलंगाखाली जायची. लाल फरशीवर गाल टेकवून पडायची. पॉलिशचा वास तिला अजून सहन होत नाही. त्या रात्री मी भाकऱ्या थापत होते आणि ती ओट्याला टेकून हे सांगत होती. भाकरी फुगली तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. मला मात्र पाय ठेवलेली फरशी एकदम वेगळी लागायला लागली.

तिच्या आईजवळही एक वही होती. सरकारी पासबुक. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसानं ते सतत अंगावर बाळगायचं. लोक त्याला ‘डोमपास’ म्हणत, ‘डोम’ म्हणजे आफ्रिकान्स भाषेत मूर्ख. त्यात कामावर ठेवणाऱ्याची दर महिन्याला सही लागायची. सही नसेल, पास घरी राहिला असेल, तर थेट कोठडी. परवान्याशिवाय काळ्या माणसाला शहरात 72 तासांपेक्षा जास्त थांबता येत नसे. बायकांना पास लावायचं ठरलं तेव्हा 9 ऑगस्ट 1956 रोजी वीस हजार बाया प्रिटोरियात सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलमध्ये लोक पास घरी ठेवून निःशस्त्र पोलिस ठाण्यापुढे जमले, तर गोळीबारात 69 माणसं गेली. पासाचे कायदे रद्द झाले ते 1986 मध्ये. मैत्रीण तेव्हा नऊ वर्षांची होती. आईनं पासबुक जाळलं नाही की फेकलं नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

बूमवरची वही आणि ते पासबुक एकच, असं मला म्हणायचं नाही. एकामागे बंदूक होती, दुसऱ्यामागे चोरीची भीती आहे, आणि ती भीतीही खरी आहे. या शहरात मीही अंधार पडला की गाडीची दारं आतून लावते. पण कोणाला नाव लिहावं लागतं आणि कोणाला नाही, याची सवय शहराच्या हातात जशीच्या तशी राहिली आहे. ती सवय आता कुठल्याही कायद्यात नाही, म्हणून ती रद्दही करता येत नाही.

घरमालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आफ्रिकान्स बोलणाऱ्या घरांत वडीलधाऱ्या बाईला ‘टॅनी’ म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. मीही त्यांना टॅनी म्हणते. मला डेंग्यूसारखा ताप चढला तेव्हा चार रात्री त्यांनी माझ्यासाठी सूप आणलं, थर्मामीटर घेऊन उशाशी बसल्या. झाडाच्या लिंबांचा मुरंबा करतात आणि पहिली बाटली माझी असते. त्यांच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी हे घर 1971 मध्ये घेतलं. यजमान रेल्वेत होते. “एकेक रँड वाचवून घेतलंय हे घर,” त्या सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पडदे त्यांनी स्वतः शिवले, भिंती यजमानांनी रविवारी रंगवल्या. मात्र रेल्वेतल्या त्या पगाराच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. त्या पगारावर कर्ज मिळालं. ज्या वर्षी ते मिळालं त्या वर्षी या शहरात काळ्या माणसाला, कितीही कमावत असला तरी, जमिनीचा तुकडा विकत घेता येत नव्हता. त्यानं नगरपालिकेच्या काडेपेटीसारख्या घरात भाड्यानं राहायचं. 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय झाली तीच 1978 मध्ये. या मधल्या काळात टॅनींचं घर नुसतं उभं राहून वाढत गेलं. त्याच्या जोरावर मुलगा शिकून पर्थला गेला, मुलगी लंडनला. आणि मागची खोली, जिच्यात एक बाई वीस-एकवीस वर्षं राहिली, ती आता दर महिन्याला टॅनींना माझं भाडं मिळवून देते. म्हातारपणाचा आधार आहे तो त्यांना. मी तो पहिल्या तारखेला न चुकता भरते.

एका संध्याकाळी मी त्यांना त्या बाईबद्दल विचारलं. टॅनींचा चेहरा उजळला. किती छान भाजी करायची, मुलं तिच्याच पाठीवर वाढली, घरच्यासारखीच होती. मी आडनाव विचारलं. त्या थांबल्या. बराच वेळ कपातल्या रॉयबॉस चहाकडे बघत राहिल्या. दर महिन्याला यजमान तिच्या पासावर सही करायचे, त्या पासावर आडनाव होतंच. दोन दिवसांनी रात्री दार वाजलं. टॅनी घरातल्या सपाता घालून दारात उभ्या, केस सुटलेले. आठवलं, म्हणाल्या, आणि त्यांनी ते आडनाव उच्चारलं. मग पुन्हा एकदा उच्चारलं, हळू. मी त्यांना आत बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. खोलीत यायला त्या दिवशी त्यांना जमलं नाही.

इथे सगळं तसंच आहे असं म्हटलं तर मैत्रीण मला रागावेल. 1994 मध्ये तिची आजी पहाटेपासून मतदानाच्या रांगेत उभी होती, आणि ती आजी सोफियाटाउनची. आमच्या उपनगराला लागूनच आहे सोफियाटाउन. 1955 पासून पोलिसांच्या बंदोबस्तात तिथल्या लोकांना ट्रकमध्ये घालून मेडोलँड्सला नेऊन सोडलं, घरं पाडली, गोऱ्यांसाठी नवी बांधली आणि वस्तीला नाव दिलं ‘ट्रिओम्फ’, म्हणजे विजय. 2006 मध्ये जुनं नाव परत आलं. नाव आलं, घरं कुठून येणार? आजीच्या नातीकडे आज मोठी गाडी आहे, माझ्या रजेवर सही करायचा अधिकार आहे. पण तिचा पगार पाच दिशांना जातो. आईचं औषध, धाकट्या भावाची फी, मावशीच्या घराचं छप्पर, गावाकडची एखादी अंत्ययात्रा. इथले तरुण याला ‘ब्लॅक टॅक्स’ म्हणतात. ती हा शब्द वापरत नाही. आईसाठी करते त्याला कर कसं म्हणू, म्हणते. तिच्या टेबलाशेजारी बसणारा गोरा सहकारी तेवढाच पगार घेतो. त्याच्या पहिल्या फ्लॅटचे सुरुवातीचे पैसे वडिलांनी भरले. माणूस चांगला आहे, कामात चोख आहे. त्याला वाटतं आम्ही तिघं एकाच रेषेवरून धावायला लागलो. देशात गोरे साधारण 7 टक्के, आणि कंपन्यांतल्या सगळ्यात वरच्या जागांवर अजून साठ टक्क्यांहून अधिक तेच. 2017 च्या सरकारी मोजणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी 72 टक्के गोऱ्यांची निघाली. हे आकडे मी पूर्वी वाचले होते आणि विसरलेही होते. डिकीत फिरणारा टॉर्च बघितल्यावर ते माझ्याकडे परत आले.

आणि मी? मला का नाही थांबवलं?

शनिवारी मी मसाले आणायला फोर्ड्सबर्गला जाते. तिथल्या हमिदिया मशिदीसमोर 16 ऑगस्ट 1908 रोजी आपल्या लोकांनी मोठ्या कढईत रॉकेल ओतून दोन हजारांवर नोंदणीपत्रं जाळली. ट्रान्सवालमधल्या, म्हणजे तेव्हा हे शहर ज्या वसाहतीत होतं तिथल्या, प्रत्येक हिंदी म्हणजे भारतीय माणसानं नाव नोंदवावं, बोटांचे ठसे द्यावेत, मागेल तेव्हा कागद दाखवावा, असा कायदा होता. त्याला दिलेलं ते उत्तर. चार वर्षांनी, 1912 मध्ये, नामदार गोखले या शहरात आले. इथले कोकणी मुसलमान आणि थोडे मराठी हिंदू यांना त्यांचं मराठी ऐकायचं होतं, म्हणून ते मराठीत बोलले आणि गांधींनी त्याचा अनुवाद केला. हळद-धण्याच्या वासात त्या गल्लीतून चालताना मला हे आठवतं आणि ऊर भरून येतो. पण याच इतिहासाला दुसरं पान आहे. 1895 च्या सुमारास डर्बनच्या पोस्टात दोन दारं होती, एक गोऱ्यांचं, दुसरं हिंदी आणि आफ्रिकी लोकांचं. आपल्या पुढाऱ्यांनी अर्ज केले, त्यांत तरुण गांधीही होते, आणि आपल्यासाठी तिसरं दार मिळवलं. गोखले येऊन गेल्याच्या पुढच्याच वर्षी जमिनीचा कायदा झाला आणि देशातल्या बहुसंख्य काळ्यांच्या वाट्याला जेमतेम 7 टक्के जमीन राहिली. तिसरं दार पुढेही उघडंच राहिलं. अहमद कथ्राडा मंडेलांबरोबर जन्मठेप भोगायला रॉबेन बेटावर गेले. त्या खटल्यातून बेटावर नेलेल्यांत सगळ्यांत धाकटे तेच होते. तुरुंगानं कथ्राडांना हिंदी म्हणून फुल पँट दिली, मंडेलांना काळे म्हणून अर्धी चड्डी. साखरही कथ्राडांना जास्त. 1983 च्या राज्यघटनेत तर सरकारनं हिंदी लोकांसाठी संसदेत वेगळं सभागृहच काढलं. काळ्यांसाठी काहीच नाही. 1984 मध्ये त्याची निवडणूक झाली तेव्हा बहुतेक हिंदी लोकांनी मतदानाकडे पाठ फिरवली, हे मला दर वेळी स्वतःला आठवून द्यावंसं वाटतं.

मी या देशात विमानानं आले, तीन वर्षांचा करार घेऊन. माझ्या आजोबापणजोबांनी इथे ऊस तोडला नाही, नोंदणीपत्र जाळलं नाही, कुठला अपमान गिळला नाही. तरी मला ते तिसरं दार तयार मिळालं, वर ‘मॅडम’ म्हणून.

आणि मला ते दिसलं नाही, याचं मला नवल वाटायला नको होतं. आमच्या गावच्या वाड्यात मागच्या पडवीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा असायचा. शेतावरच्या म्हाताऱ्या गड्याला त्यात चहा मिळायचा, आणि तो स्वतः विसळून पुन्हा तिथेच पालथा घालायचा. मी आठदहा वर्षांची असताना खेळता खेळता त्यातून पाणी प्यायले. आजी ओरडली नाही. तिनं मला फक्त आंघोळ घातली, भर दुपारी. ‘आमच्याकडे असलं कधी पाळलं नाही,’ असं आमच्या घरातलं प्रत्येक माणूस आज सांगतं, आणि त्यांना ते मनापासून खरं वाटतं. त्या गड्याचं आडनाव मलाही सांगता येणार नाही.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी संध्याकाळी मी बूमपाशी गाडी थांबवली. बूम आधीच वर गेला होता. काच खाली करून मी वही मागितली. “तुम्हाला नाही लागत, मॅडम,” पहारेकरी म्हणाला. मी म्हटलं, “बाबा, द्या ना.” मी त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. माझी कोणी तक्रार केली का, असंही त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती. माझ्या मनाच्या समाधानासाठी मी एका म्हाताऱ्या माणसाला घाबरवत होते, हे मला तेव्हा कळलं, पण वही हातात आली होती. पानं तेलकट, कडा वळलेल्या. वरपासून खालपर्यंत मोलकरणी, माळी, नळ दुरुस्त करणारे, पार्सल आणणारी पोरं. शनिवारच्या पानावर मैत्रिणीचं अक्षर होतं, माझ्या रजेच्या अर्जावर असतं तसंच, उजवीकडे झुकलेलं. मी तिच्या खाली दोन ओळी सोडून लिहिलं. नाव. गाडीचा नंबर. ‘कोणाकडे’ या रकान्यात माझाच घर क्रमांक. आल्याची वेळ, सहा वाजून दहा मिनिटं.

शेवटचा रकाना होता ‘गेल्याची वेळ’. वरच्या सगळ्या ओळींत तो भरलेला होता. चार पन्नास. पाच पाच. सव्वापाच. मैत्रिणीच्या ओळीत, रात्रीचे दहा वाजून चाळीस. मी पेन तसंच धरून बसले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. बाबांनी खिडकीतून हात घालून माझ्या हातातली वही दोन्ही हातांनी हळूच काढून घेतली आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.